दुधानें पोळलेलें तोंड

दुधानें तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, ही म्हण आपण सर्वांनीं प्राथमिक शाळेंतच पाठ केलेली आहे. तिचा उपयोग आपण बहुधा दुसऱ्याला हंसण्यासाठीं करतों. ताक थंड असतें हें सर्वांस ठाऊक आहे; मग तो वेडा फुंकर कां मारतो? परंतु किंचित् विचार केला असतां असें दिसून येईल कीं, या म्हणींत हंसण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. ज्याचें तोंड पोळलें, त्यालाही ताक थंड आहे हें बुद्धीनें समजतें; परंतु पेला ओठांजवळ येतांच त्याचे ओठ बुद्धीची परवानगी विचारीत बसत नाहींत. बुद्धि एक सांगते आणि शरीर दुसरेंच करतें, अशी ही अवस्था आहे. पोळलेलें तोंड चार दिवसांत बरें होतें. पण मनच पोळलें असेल तर काय? अशा मनाला पुन्हा निर्भयपणें ताक पिण्यास साहाय्य करणें हा ज्यांचा व्यवसाय, त्यांना समुपदेशक म्हणतात. त्यांच्या कामाची थोडीशी ओळख विद्यार्थी व पालक यांना करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम या शब्दाविषयींच थोडें लिहिणें अवश्य आहे. 'समुपदेशक' या शब्दाच्या पोटांत 'उपदेश' दडलेला आहे. त्यामुळें पुष्कळांचा असा समज होतो कीं, हा गृहस्थ खुर्चीवर बसून चार हिताच्या गोष्टी सांगत असेल. वास्तविक उपदेश करणाऱ्यांची आपल्याकडे मुळींच वाण नाहीं. घरांतील वडील माणसें, शेजारीपाजारी, इतकेंच काय, पण गाडींत शेजारीं बसलेला अनोळखी प्रवासीही तें काम हौसेनें करतो. "झालें गेलें विसरून जा," "मन घट्ट कर," "पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय?" हीं वाक्यें आपण सर्वांनीं ऐकलीं आहेत, आणि म्हटलींही आहेत. समुपदेशक यांपैकीं एकही वाक्य उच्चारीत नाहीं. कां उच्चारीत नाहीं, हें समजलें म्हणजे त्याच्या शास्त्राचा अर्धा भाग समजला असें म्हणावयास हरकत नाहीं. त्यासाठीं आपणांस शंभर वर्षांहून थोडें अधिक मागें जावें लागेल.

इ. स. १९१४ मध्यें पहिलें महायुद्ध सुरू झालें. फ्रान्स व बेल्जम या देशांतील खंदकांत तोफांच्या माऱ्याखालीं महिनेचे महिने काढलेले कित्येक सैनिक, अंगावर एकही जखम नसतां, निकामी होऊन परत येऊं लागले. कोणाची वाचा गेली, कोणाचे हात थरथर कांपत, कोणी रात्रीं किंचाळत उठे. चार्ल्स मायर्स या मानसशास्त्रज्ञानें १९१५ च्या फेब्रुवारींत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांचें वर्णन 'शेल शॉक' या नांवानें प्रसिद्ध केलें. गोळा जवळ फुटल्यानें मेंदूला बसलेला हा हादरा असावा, असें आरंभीं वाटलें. परंतु ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता, त्यांनाही तोच विकार जडलेला पाहून हा तर्क लंगडा पडला. सेनाधिकाऱ्यांपैकीं अनेकांस हा निव्वळ भ्याडपणा वाटे. वाचा गेलेल्या सैनिकांच्या गळ्याला विजेचे झटके देऊन त्यांना बोलतें करण्याचा निर्दय उपायही त्या काळीं कांहीं ठिकाणीं चालू होता.

याच सुमारास स्कॉटलंडांत, एडिंबरो शहरानजीक, क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयांत डॉ. विल्यम रिव्हर्स नांवाचे वैद्य काम करीत होते. हिंदुस्थानाशींही त्यांचा संबंध आलेला होता. निलगिरि पर्वतावरील तोडा लोकांच्या चालीरीतींचा त्यांनीं तेथें जाऊन अभ्यास केला होता, व त्यावरील त्यांचा ग्रंथ १९०६ मध्यें प्रसिद्ध झाला होता. परक्याचें म्हणणें धीरानें ऐकून घेणें हें ज्या अभ्यासाचें पहिलें पाऊल, तो अभ्यास करून आलेला हा मनुष्य होता.

रिव्हर्स यांनीं १९१७ च्या डिसेंबरांत वैद्यांच्या सभेपुढें एक निबंध वाचला. त्यांत एका तरुण अधिकाऱ्याची हकीकत आहे. आपल्या जिवलग मित्राचा शोध घेण्यास हा अधिकारी रणभूमीवर गेला असतां, तोफगोळ्यानें छिन्नविच्छिन्न झालेला त्याचा देह त्याला आढळला. त्या दिवसापासून तो मित्र रोज रात्रीं भयानक रूप धारण करून त्याच्या स्वप्नांत येऊं लागला. झोंपेच्या कल्पनेनेंच त्याला संध्याकाळपासून घाम फुटे. पूर्वींच्या उपचारकांनीं त्याला बजावलें होतें कीं, ती गोष्ट मनांतून पार काढून टाक, दुसरें कांहीं तरी चांगलें मनांत आण. तो बिचारा दिवसभर तें इमानेंइतबारें करी, आणि दिवसा जें दाराबाहेर लोटलें, तें रात्रीं दार फोडून आंत येई.

रिव्हर्स यांनीं त्याला विसरण्यास सांगितलें नाहीं. त्यांनीं त्याच्याबरोबर बसून त्या आठवणीकडे नीट पाहिलें. आणि बोलतां बोलतां एक गोष्ट त्याच्या नजरेस आणून दिली. देहाची जी अवस्था झाली होती, तीच याचा निश्चित पुरावा होती कीं, त्याच्या मित्राला मरण एका क्षणांत आलें असलें पाहिजे. रणांगणावर जखमी होऊन तासन्‌तास तळमळत पडण्याचें दुःख त्याच्या वांट्याला आलें नाहीं. हें ऐकतांच त्या तरुणाचा चेहरा उजळला. पुढें कित्येक रात्री स्वप्न पडलें नाहीं. मग एके रात्रीं पडलें, तें असें: आपण मित्राच्या देहाजवळ गुडघे टेकून बसलों आहों, आणि त्याच्या घरच्यांना पाठविण्यासाठीं त्याच्या अंगावरील चीजवस्तु काढून घेत आहों. तो जागा झाला, तेव्हां त्याच्या मनांत दुःख होतें, भय नव्हतें.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. मित्र परत आला नाहीं. रिव्हर्स खोटें बोलले नाहींत. "कांहीं झालेंच नाहीं" असें ते म्हणाले नाहींत. भयाचें रूपांतर दुःखांत झालें, एवढेंच घडलें. पण हें "एवढेंच" किती मोठें आहे! दुःखानें मनुष्याला रडूं येतें, तें दुसऱ्याजवळ सांगतां येतें, आणि सांगतां सांगतां तें हळूहळू सोसवूं लागतें. भय मात्र मनुष्याला मुका करतें.

रिव्हर्स यांचा प्रामाणिकपणाही लक्षांत ठेवण्याजोगा आहे. त्याच निबंधांत दुसऱ्या एका अधिकाऱ्याची हकीकत देऊन, याच्या आठवणींत दिलासा देणारी एकही बाजू सांपडली नाहीं, असें त्यांनीं मोकळेपणें लिहून ठेविलें आहे. त्या गृहस्थानें सैन्य सोडावें आणि पूर्वीं जेथें त्याला बरें वाटलें होतें तशा परिस्थितींत राहावें, असेंच शेवटीं ठरलें. आणखी एक कांटा रिव्हर्स यांच्या मनांत सलत असे. ते स्वतः सैन्यांतील वैद्य. बरा झालेला अधिकारी पुन्हा खंदकांत पाठविणें हें त्यांचें कर्तव्य. १९१७ च्या जुलैमध्यें युद्धाचा जाहीर निषेध करणारे कवि सिगफ्रिड ससून यांना त्यांच्याकडे पाठविण्यांत आलें, तेव्हां हा प्रश्न त्यांच्यापुढें उघडा उभा राहिला: ज्याला बरें करावयाचें, त्याला बरें करून पाठवावयाचें कोठें? हा प्रश्न आपण मनांत ठेवूं. पुढें त्याची गरज लागणार आहे.

आपल्या वाचकांस हा सर्व परक्या देशांतील वृत्तान्त वाटूं नये. त्याच युद्धांत मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढत होत्या. कूत-अल-अमारा येथें वेढ्यांत सांपडलेल्या सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें त्या होत्या. जवळजवळ पांच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजीं त्या सैन्यानें शस्त्रें खालीं ठेविलीं, आणि पुढें कित्येकांचा कैदेंतच अंत झाला. जे वांचून देशावरच्या व कोंकणांतल्या आपल्या खेड्यांत परत आले, त्यांच्यासाठीं क्रेगलॉकहार्ट नव्हतें. आजोबा रात्रीं कधीं कधीं ओरडत उठत, एवढीच आठवण एखाद्या घराण्यांत राहिली असेल.

आतां या विकाराचें स्वरूप पाहूं. १९८० मध्यें अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघानें आपल्या रोगनिदानाच्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तींत त्याला स्वतंत्र स्थान दिलें. व्हिएतनामच्या युद्धाहून परतलेल्या सैनिकांची दुरवस्था हें त्याचें एक मोठें कारण होतें. मराठींत त्याला आघातोत्तर तणाव विकृति असें म्हणतात. त्याचीं लक्षणें चार प्रकारचीं मानतात. पहिलें, ती घटना स्वप्नांतून किंवा जागेपणीं पुन्हा पुन्हा अंगावर येणें. दुसरें, तिची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसें व विषय टाळणें. तिसरें, "जग सगळें धोक्याचें", "दोष माझाच" असे विचार मनांत घर करून बसणें आणि आनंदाचा झरा आटणें. चौथें, शरीर सदैव सावध राहणें, म्हणजे झोंप न येणें, जरा आवाज झाला कीं दचकणें, एकाएकीं संतापणें. हीं लक्षणें एक महिन्याहून अधिक टिकलीं व त्यांमुळें रोजचा व्यवहार अडूं लागला, तरच या विकाराचें निदान करतात. संकटानंतर पहिले कांहीं दिवस अशी अवस्था होणें हा रोग नव्हे. बहुतेकांचें मन घरच्यांच्या आधारानें कालांतरानें आपोआप सांवरतें.

हें असें कां होतें? आपल्या मेंदूंत बदामाएवढा एक भाग आहे; त्याला अमिग्डाला म्हणतात. हा घरचा पहारेकरी होय. धोका दिसतांच तो विचार करीत बसत नाहीं. एकदम आरोळी ठोकतो, छाती धडधडूं लागते आणि पाय पळूं लागतात. नेहमींच्या घटना मेंदूंत तारीख-वार घालून जपून ठेविल्या जातात, त्यामुळें "हें तेव्हां झालें, आतां नाहीं" असें आपणांस कळतें. परंतु अतिभयंकर घटनेची नोंद अशी सुसूत्र होत नाहीं. तिचे तुकडे राहतात. एक वास, एक आवाज, एक रंग. तो तुकडा पुन्हा समोर आला कीं पहारेकरी ओरडतो, आणि मनुष्याला तें संकट आठवत नाहीं, तर तें पुन्हा घडूं लागतें.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारी व आसपासचा लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील मुलूख भूकंपानें हादरला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपतींचें विसर्जन करून लोक गाढ झोंपले होते. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदें त्यांच्यावर कोसळलीं आणि हजारों माणसें दगावलीं. अशा रात्रींतून वांचलेल्या माणसाला छपराखालीं झोंप न लागणें यांत नवल तें काय? छप्पर नवें आहे, भक्कम आहे, हें त्याची बुद्धि जाणते. पण पहारेकऱ्याला तारीख समजत नाहीं.

मुलें लहान असतात, तीं लौकर विसरतात, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. १९७६ च्या जुलैमध्यें अमेरिकेंतील चौचिला या गांवीं सव्वीस मुलांची शाळेची गाडी शस्त्रधारी लोकांनीं पळविली आणि मुलांना व चालकाला एका खाणींत पुरलेल्या मोठ्या गाडींत कोंडलें. चालक व मुलें यांनीं स्वतःच मार्ग काढून सुटका करून घेतली. सर्वजण धडधाकट परतले, म्हणून गांवाला वाटलें, संपलें. परंतु लेनोर टेर या बालमनोविकारतज्ज्ञ बाईंनीं पुढें त्या मुलांचा अभ्यास केला आणि चार वर्षांनीं पुन्हा त्यांची भेट घेतली, तेव्हां त्यांनीं तपासलेलें एकही मूल त्या घटनेच्या खुणांपासून मुक्त नव्हतें. कांहीं मुलें तीच घटना खेळांतून पुन्हा पुन्हा करीत, पण त्या खेळांत हंसणें नसे. पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें. मूल एकाएकीं आईला चिकटून राहूं लागलें, अंथरूण ओलें करूं लागलें, अभ्यासांतून त्याचें लक्ष उडालें, तर तें खोडकर झालें असें समजण्यापूर्वीं त्याला काय झालें आहे हें विचारावें.

समुपदेशक प्रत्यक्ष काय करतो, हें आतां सांगतां येईल. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन विदुषीनें १९९२ च्या आपल्या ग्रंथांत उपचाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पायरी सुरक्षिततेची. मनुष्य आज जेथें राहतो, तेथें तो सुरक्षित आहे काय? त्याला झोंप मिळते काय? या पायरीवर समुपदेशक भूतकाळाला हातही लावीत नाहीं. तो मन 'आतां'मध्यें आणण्याच्या साध्या युक्त्या शिकवितो. भोंवतीं दिसणाऱ्या पांच वस्तूंचीं नांवें घे, स्पर्श होणाऱ्या चार वस्तु ओळख, तीन आवाज ऐक. श्वास सावकाश बाहेर सोड. युक्ती पोरकट वाटते, परंतु पहारेकऱ्याला आजची तारीख दाखविण्याची तीच रीत आहे. दुसरी पायरी आठवण्याची व शोक करण्याची. येथें ती घटना, तुकडे जोडीत जोडीत, आरंभापासून शेवटापर्यंत सांगावयाची. एड्ना फोआ यांच्या पद्धतींत सुमारें आठ ते पंधरा बैठकींत ती कथा डोळे मिटून पुन्हा पुन्हा सांगतात, आणि टाळलेल्या जागीं हळूहळू जातात. फ्रॅन्सीन शपिरो यांनीं १९८९ मध्यें मांडलेल्या पद्धतींत आठवण मनांत धरून डोळ्यांनीं उजवीडावीकडे हलणाऱ्या बोटाचा मागोवा घ्यावयाचा असतो. मार्ग भिन्न, परंतु उद्देश एकच कीं, आठवणीला तारीख मिळावी. तिसरी पायरी पुन्हा माणसांत येण्याची.

यांत एक नियम कधींही मोडावयाचा नसतो. कथा केव्हां सांगावयाची, किती सांगावयाची, कोठें थांबावयाचें, हें सांगणारा ठरवितो, ऐकणारा नव्हे. ज्याची इच्छा न विचारतां त्याच्यावर आघात झाला, त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध बोलावयास लावणें म्हणजे त्याच जखमेवर पुन्हा घाव घालणें होय. संकट घडल्याबरोबर सर्वांना एकत्र बसवून सक्तीनें बोलतें करण्याची जी चाल मध्यंतरीं निघाली होती, ती याच कारणानें मागें पडली. औषधांची गरज असल्यास तीं मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर देतात. समुपदेशक देत नाहीं.

येथपर्यंत एकट्या माणसाचा विचार झाला. परंतु मनुष्य एकटा राहत नाहीं. त्याची जखम त्याच्याबरोबर घरीं येते. समजण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घेऊं. एक गृहस्थ मालमोटार चालवीत असे. घाटांत गाडीचा ब्रेक निकामी झाला. गाडी कड्याला घांसून थांबली. तो वांचला, पण शेजारीं बसलेला पोरगेला क्लीनर दगावला. त्यानंतर हा गृहस्थ घरीं असून नसल्यासारखा झाला. कुकरची शिट्टी झाली तरी दचकून उठे. रात्रीं उशिरापर्यंत ओट्यावर बसून राही. बायको म्हणे, "अहो, जेवायला येतां ना?" उत्तर नाहीं. मग ती चिडून म्हणे, "या घरांत आम्ही आहों कीं नाहीं?" कीं तो उठून चालूं लागे. ती जितकी विचारी, तितका तो गप्प होई. तो जितका गप्प होई, तितकी ती अधिक बोले. शेजारीपाजाऱ्यांनीं दोन पक्ष केले: एक म्हणे, बाई तोंडाळ आहे, दुसरा म्हणे, पुरुष बेजबाबदार आहे.

दोघें एका समुपदेशक बाईंकडे गेलीं. त्यांनीं कोणाचा दोष, हें विचारलें नाहीं. कागदावर एक वर्तुळ काढून त्यांनीं दाखविलें, "तुम्ही विचारतां, हे गप्प होतात, हे गप्प होतात, तुम्ही विचारतां. हें चक्र तुम्हां दोघांच्याही मागें लागलेलें आहे." मग त्यांनीं त्याला विचारलें, "ओट्यावर बसतां, तेव्हां डोळ्यांपुढें काय असतें?" तो पुष्कळ वेळ बोलला नाहीं. शेवटीं म्हणाला, "त्याची चप्पल. गाडींत एकच राहिली होती." बायकोनें हें प्रथमच ऐकलें. ती म्हणाली, "मला वाटलें, तुम्हांला आमचा कंटाळा आला." तो म्हणाला, "कंटाळा नाहीं ग. तूं पोरांना जेवायला वाढतेस, तेव्हां त्याची आई आठवते."

घर त्या दिवशीं एकदम सुधारलें असें मुळींच नाहीं. परंतु दोघांचा शत्रु एक झाला, आणि तो दोघांच्या बाहेर गेला. ब्रिटनमध्यें विवाह-मार्गदर्शनाचें मंडळ १९३८ मध्येंच स्थापन झालें होतें. पण वर सांगितलेली चक्र ओळखण्याची रीत सू जॉन्सन व लेस्ली ग्रीनबर्ग यांनीं कॅनडांत १९८५ च्या सुमारास शास्त्रशुद्ध केली. रागाच्या खालीं बहुधा "तूं माझा आहेस ना?" हाच प्रश्न असतो, आणि अबोल्याच्या खालीं बहुधा भीति असते, हें तिचें सूत्र. सिॲटल येथील जॉन गॉटमन यांनीं तर जोडप्यांचीं भांडणें, त्यांच्या नाडीच्या ठोक्यांसह, टिपून घेतलीं. संसार मोडणाऱ्या चार संवयी त्यांना आढळल्या: कृतीऐवजीं माणसालाच दोष देणें, तुच्छता दाखविणें, प्रत्येक बोलण्यावर स्वतःची सफाई देणें, आणि भिंतीसारखें गप्प बसणें. यांत तुच्छता सर्वांत विषारी. छाती धडधडूं लागली असेल तर वीस मिनिटें भांडण थांबवून मग बोलावें, असा त्यांचा सल्ला आहे. कारण तोंवर समोरच्याचें बोलणें कानांत शिरतच नाहीं.

आतां रिव्हर्स यांच्या प्रश्नाकडे वळूं: बरें करून पाठवावयाचें कोठें? आपल्याकडे पुष्कळ वेळां भांडून माहेरीं आलेल्या मुलीची चार वडीलधारीं माणसें समजूत घालतात. "सांभाळून घे" असें सांगून तिला परत पाठवितात, आणि यालाच समुपदेशन समजतात. हें समुपदेशन नव्हे. जेथें मारहाण आहे, धाक आहे, तेथें दोघांना शेजारीं बसवून मन मोकळें करावयास सांगणें धोक्याचें असतें. आज बैठकींत उच्चारलेल्या शब्दाची शिक्षा रात्रीं घरीं मिळूं शकते. तेथें पहिली पायरी सोडून दुसरीवर चढतां येत नाहीं. आधीं संरक्षण, त्यासाठीं २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा आहे. १९८४ च्या कायद्यानें कुटुंब न्यायालयांच्या मदतीला समुपदेशकांची योजना केली, तीही समेट शक्य असेल तेथें व्हावा, आणि नसेल तेथें मुलांची ओढाताण न होतां दोघांनीं वेगळें व्हावें यासाठीं. ज्यानें पोळलें, तेंच उकळतें दूध पुन्हा ओठीं लावणें हा उपचार होत नाहीं.

समुपदेशकाकडे सांगितलेली गोष्ट बाहेर जात नाहीं; आईबापांकडे वा शिक्षकांकडेही नाहीं. याला अपवाद थोडे, आणि ते तो आरंभींच सांगतो: कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा बालकावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर त्याला तें कळविलेंच पाहिजे, २०१२ च्या कायद्यानें तें सर्वांवरच बंधनकारक आहे. ऐकणाराही माणूसच असतो. दिवसभर इतरांचें भय ऐकून त्याचेंही मन शिणतें. म्हणून चांगला समुपदेशक स्वतः आपल्याहून अनुभवी व्यक्तीकडे नियमितपणें जाऊन आपल्या कामाविषयीं बोलतो.

प्रत्येकाला समुपदेशक होतां येणार नाहीं. परंतु प्रथमोपचार सर्वांना येऊं शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ मध्यें त्याचीं तीन कामें सांगितलीं आहेत: पाहणें, ऐकणें, जोडून देणें. कोणाला मदतीची गरज आहे हें पाहावें. तो सांगेल तेवढेंच ऐकावें, उकरून विचारूं नये. पाणी, निवारा, घरचीं माणसें, आणि लागल्यास तज्ज्ञ यांच्याशीं त्याला जोडून द्यावें. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते; संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन आंकडे विद्यार्थ्यांनीं पाढ्यांबरोबर पाठ करावेत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गांत फटाक्याच्या आवाजानें कानांवर हात घेणारा, किंवा पावसाचें पाणी चढूं लागलें कीं खिडकीशीं जाऊन उभा राहणारा एखादा सोबती असेल. तुमच्या घरांत, विनाकारण चिडणारे काका किंवा देवघरांत एकट्याच बसून राहणाऱ्या आत्या असतील. त्यांना हंसूं नका, आणि उपदेशही करूं नका. ताक थंड आहे, हें त्यांना ठाऊक आहे. त्यांचा पेला रिकामा होईपर्यंत शेजारीं बसून राहा.